मागून ठेवलेला माणूस

माझ्या सासऱ्यांना मराठीत मरण बोलता येत नसे. म्हणजे माणूस अस्सल भिंगारचा, शिव्या मराठीतल्या, देव मराठीतले, भांडायला लागले की गल्ली गोळा व्हायची. पण कुणी मेलं की ह्यांची जीभ इंग्रजीत शिरायची. आणि इंग्रजी तरी कुठलं? शाळेतलं नव्हे की साहेबाचं नव्हे. गोऱ्या सोजिरांचं, रणगाड्याखाली उताणं पडून बोलायचं इंग्रजी.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी सोनईकडून भिंगारला आले. पहिल्याच आठवड्यात मुंगसानं कोंबडी नेली. मी बोंबलत बाहेर आले, तर मामा – सासऱ्यांना मी मामा म्हणायची – ओट्यावर विडी ओढत बसलेले. पिसं बघून शांतपणे म्हणाले, "बॉट इट."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "इकत घेतलं म्हनं तिनं. आता कोंबडीनं बाजारात जाऊन काय इकत घेतलं, ते त्यांनाच इचार बाई."

मी सातवी पास. इंग्रजीची अक्षरं ओळखायची, एवढंच. पण त्या घरात मी भराभर शिकले. बल्ब गेला, मोटेचा दोर तुटला, की 'हॅड इट'. शेजारचा म्हातारा गेला तेव्हा मामा म्हणाले, त्यानं बादलीला लाथ मारली. लढाईला लढाई नाही म्हणायचं, 'पार्टी' म्हणायचं. आणि रणगाडा आतल्या माणसांसकट जळाला, तर गोरे म्हणायचे, चहा उकळला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फिसकन हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी विडी विझवली आणि उठून परसात गेले.

ते का हसले नाहीत ते मला मग ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सांगितलं. मामा कँपातल्या वर्कशॉपचे फिटर. चाळीस-बेचाळीसच्या मोठ्या लढाईत त्यांना वाळवंटात नेलं होतं. तिथं त्यांचं काम एकच. जळालेले रणगाडे मागं ओढून आणायचे आणि आतून साफ करायचे, म्हणजे पुन्हा वापरता येतात. एका गोऱ्या कॉर्पोरलच्या हाताखाली चार-पाच देशी फिटर. आत जे असायचं ते सांगायला त्यांच्यापाशी त्या गोऱ्याचेच शब्द होते. चहा उकळला. विकत घेतलं. असं म्हटलं की मग जेवण जायचं.

आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, सगळं उलटं. त्यांच्या तोंडून अभद्र अक्षर येणार नाही. दिवा विझवला म्हणायचं नाही, शांत केला म्हणायचं. बांगडी फुटली नाही, वाढवली. घरातनं निघणाऱ्यानं 'जातो' म्हटलं की त्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहायच्या, 'येतो' म्हणेपर्यंत हलायच्या नाहीत. असे हे दोघे एका छपराखाली पस्तीस वर्षं नांदले. मला तर नवलच वाटे.

माझं म्हणाल तर मी दोन्हीतली नव्हे. आमच्या सोनईच्या घरी आई माझ्या भावाला दिवसभर 'मुडद्या' म्हणायची. "मुडद्या, जेवलास का?" "मेल्या, पाय धू." त्यात कुणाला काही वाटायचं नाही, उलट ती ज्या दिवशी त्याला नावानं हाक मारी त्या दिवशी तो घाबरायचा. त्यामुळे मामांच्या बोलण्याचं मला फार काही वाटलं नाही. जूनपर्यंत नाही.

जूनमध्ये ह्यांची रजा संपली. हे रणगाड्यावर ड्रायव्हर, बापाच्या वर्कशॉपमुळेच त्या वाटेला लागलेले. स्टेशनला जायला टांगा आला. आत्याबाईंनी दही हातावर घातलं, मी ओवाळलं, आणि हे मामांच्या पाया पडायला वाकले. मामांनी ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ दोन बोटांनी धरलं आणि म्हणाले, "बॅग्ज आय युवर वॉच."

हे हसले. "घ्या आबा. घड्याळ तुमचं."

"आन् बूट."

"बूट पण तुमचे."

मी विचारलं, काय म्हणाले? हे टांग्यात चढता चढता म्हणाले, "काही नाही गं. मी मेलो तर माझं घड्याळ आन् बूट आबांचे, असं मागून ठेवलं त्यांनी." टांगा गेला. मी ओवाळणीचं ताट धरून तशीच उभी. आत्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि मामा, हो, मामा खुशीत होते! अगदी मिशीला पीळ देत आत गेले.

त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. नवी सून, डोक्यावरचा पदर सांभाळत, पण भांडले. "मामा, पोटच्या पोराला असं बोलतं का कुणी? जीभ कशी रेटते तुमची?" आत्याबाईंना वाटलं आता मामा मला माहेरी घालवतात. पण मामांनी मला समोर बसवलं.

"ऐक पोरी," ते म्हणाले. "पुढं जायच्या आधी गोरी पोरं एकमेकांच्या वस्तू मागून ठिवायची. याचं घड्याळ माझं, त्याचा कंबरपट्टा माझा. का? तर मागितलेलं मिळत न्हाई, मानूसच घड्याळ घालून परत येतो. तू सांग, जलमात तू तोंडानं मागितलेलं तुला कधी मिळालंय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"एकदा सांजच्याला आमचा कॉर्पोरल पुढं निघाला. एका रणगाड्यात मानूस कमी पडला म्हनून. सगळ्या गोऱ्यांनी मागून झालं. माझ्याकडं बघून तो म्हनला, तुला काय पायजे? आता मी काळा फिटर, त्यो साहेब. मी कसं मागू त्याचं काय? मला भीड पडली. मी म्हनलो, गॉड ब्लेस यू, सर. त्यो हसला न्हाई. गेला." मामा नखानं ओट्यावरची माती उकरत राहिले. "दुसऱ्या दिवशी जी गाडी वढून आनली, ती आतनं मीच पुसली."

मी उठून चुलीपुढं गेले.

पावसाळा संपता संपता हे पुन्हा आठवड्यासाठी आले, आणि तिसऱ्याच दिवशी रजा रद्द झाली. तेव्हा सगळ्यांनाच कळत होतं काय येतंय ते. स्टेशनवर रणगाडे लादलेल्या गाड्या जात होत्या. कँपातल्या बरॅकी रिकाम्या होत चालल्या होत्या. रोज संध्याकाळी वाजणारा बिगुल एक दिवस वाजलाच नाही आणि गल्लीतली माणसं जेवता जेवता थांबून कान देत बसली.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी मामांचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "ह्या खेपंला काय बोलायचं न्हाई. माझी शपथ हाय तुमाला. बोललात तर माझं मेलेलं तोंड बघाल." उभ्या जन्मात त्यांनी उच्चारलेलं तेवढं एक अभद्र वाक्य.

मामांनी शपथ पाळली. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. हे पाया पडले, आणि मग मनगट पुढं करून उभेच राहिले, हसत. वाट बघत होते. मामांचे ओठ हलले. आत्याबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. मामा एवढंच म्हणाले, "नीट ये."

ह्यांचं हसू गेलं. त्यांनी मनगट मागं घेतलं. गाडी हलली तरी ते दारात उभे राहून मामांकडेच बघत होते, माझ्याकडे नाही.

डिसेंबरात लढाई लागली. काचांना काळे कागद, दिव्यांना टोप्या, तिन्हीसांजेलाच सगळं गाव आंधळं. आणि ती लढाई रेडिओवर सुरू झाली त्या सकाळी मी परसात गेले तर मामा ह्यांच्या वस्तऱ्यानं दाढी करत होते. तो वस्तरा ते कधी शिवत नसत. दाढी झाली, तोंड पुसलं, आणि मग ह्यांचा निळा सदरा अंगात घातला. त्यांना तो ढगळ व्हायचा, खांदे कोपरापर्यंत उतरायचे.

"मामा, हे काय?"

"पोराचा हाय. आता त्याला काय उपेग?"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तार आली का? सांगा ना! तार आली का?"

"न्हाई. कशाला येईल?" ते आरशात बघत म्हणाले. "बॉट इट. गेलं पोरगं."

आत्याबाई धावत आल्या, त्यांचा सदरा धरून ओढायला लागल्या. मामा हलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं कळलं. शपथ होती ती पोराला काही बोलायचं नाही अशी. पोरगं आता समोर नव्हतं. भिडेपायी एक माणूस घालवला होता, दुसरा घालवायचा नव्हता. स्टेशनवर जे मागायचं राहिलं ते आता उशिरा, दामदुपटीनं भरून काढायचं चाललं होतं.

कळलं म्हणून काय झालं? मला ते सोसवत नव्हतं. ते ह्यांच्या ताटात जेवायचे, ह्यांच्या बाजेवर झोपायचे, ह्यांची सायकल घेऊन भिंगारच्या बाजारात जायचे आणि कुणी विचारलं, लेकाची खुशाली काय, तर म्हणायचे, "गेला." बोलताना आवाज असा कोरडा, जणू ज्वारीचा भाव सांगताहेत. घरात माझ्या कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि ओट्यावर बसून सासरा म्हणतोय, आमचा पोरगा बरा होता, होता, होता. हे 'होता' माझ्या कानात गोचिडासारखं बसलं.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी मी गहू निवडत बसले होते. दार लोटून बायका आत आल्या. आधी दोन, मग आणखी, मग अंगण भरलं. पदर तोंडाला लावलेले. त्या माझ्याभोवती येऊन टेकल्या, आणि एका म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवत गळा काढला. "माज्या बाई गं, काय झालं गं हे तुजं…"

मी सूप धरून बसलेली. त्यातली एक माझ्या बांगड्यांकडे बघत होती. अजून कशा आहेत, असं तिच्या डोळ्यांत होतं. तिनं हळूच माझं मनगट हातात घेतलं. मायेनंच घेतलं, खोटं कशाला बोलू, पण तिची बोटं गार होती, आणि त्या क्षणी मला खरंच वाटलं, की हे गेले. सगळ्यांना ठाऊक आहे, मलाच सांगायचं राहिलंय. माझ्याच तोंडून रडणं फुटलं आणि ते ऐकून सगळं अंगण रडायला लागलं. जिता माणूस होता हो तो! कुठेतरी थंडीत रणगाड्यात बसलेला असेल, जेवत असेल. आणि इथे आम्ही त्याला रडत होतो.

आत्याबाई चुलीतलं जळतं लाकूड घेऊन बाहेर आल्या. "उठा! उठा माज्या अंगनातनं! माजा लेक जिता हाय!" बायका घाबरून पांगल्या. दारात मामा उभे होते, निळ्या सदऱ्यात. त्यांनी त्या बायकांना हात जोडले, जसे दु:खाच्या घरी जोडतात.

लढाई थांबली. रेडिओवर विजयाच्या बातम्या, गल्लीत साखर वाटली. आमच्याकडे ना तार ना पत्र. मी रोज दुपारी दारात जाऊन उभी राहायची आणि माझ्या पाठीमागे ओट्यावरून आवाज यायचा, "कुनाची वाट बघती पोरी? हॅड इट." मी एकदा तांब्या फेकून मारला त्या दिशेनं. लागला नाही. लागला असता तरी मला वाईट वाटलं नसतं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी हे आले. पायी, खांद्याला पिशवी, डाव्या भुवईजवळचे केस जळून गेलेले. दारातून आत आले आणि मला जागचं हलवेना. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. आत्याबाईंनी त्यांचं तोंड चाचपलं, कान चाचपले, मग रडल्या. हे मामांच्या पाया पडायला वाकले.

मामांनी पाय बाजेवर ओढून घेतले. म्हणाले, "अगं, पाव्हनं आलंत. पानी दे."

हे हसले. "आबा, मी हाय की."

"बसा साहेब. आमचा पोरगा बी तुमच्यागतच हुता. गेला."

त्या संध्याकाळपर्यंत आम्हाला वाटलं की चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. मामा त्यांच्याशी अदबीनं बोलायचे, जेवायला आधी वाढा म्हणायचे, पण 'पाव्हनं' याच्यापुढे जायचे नाहीत. सदरा परत दिला नाही, बाज दिली नाही. हे पहिल्यांदा चिडले, मग विनवण्या केल्या, मग एकदा बापाचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "आबा, एकदा हाक मारा. एकदाच. बाळ म्हना." मामांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि तोंडातून शब्द येत होते, "आमचा बाळ गेला, साहेब."

आत्याबाईंनी हात जोडले. "माजी शपत सुटली. मी सोडली. आता बोला त्याच्याशी."

मामा म्हणाले, "वर्दी हाय अजून अंगावर." म्हणजे हे फौजेतनं सुटेपर्यंत हाक नाही.

हे असं ऐकून ऐकून माणसाचं काय होतं, ते मी सांगते. दुपारी हे झोपले की मी त्यांच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास येतो का. एकदा त्यांनी डोळे उघडले. माझं बोट तसंच. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मला पन कधीकधी वाटतं गं, आबाच खरं बोलत्यात." तिकडे काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या गाडीतल्या बाकीच्यांचं विचारलं, तर म्हणाले, "चहा उकळला," आणि कूस बदलली. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले. बापाची भाषा पोरात उतरली होती.

मग दुष्काळाची सालं आली. विहिरी आटल्या, बाया खडी फोडायला जाऊ लागल्या. हे रजेवर यायचे, जायचे. दर खेपेला पाहुणा येऊन गेल्यासारखं. पण दोन वर्षांत बापाच्या तोंडून एक हाक ऐकावी, याची त्यांना आस लागली होती. मोठा झालेला माणूस, मिशा असलेला, आणि घरात शिरताना आधी ओट्याकडे बघायचा. आज म्हणतील, असं त्याच्या तोंडावर दिसायचं. माझं काळीज तुटायचं. मामांनाही ते दिसत होतंच. हे निघून गेल्यावर ते दोन दोन दिवस जेवत नसत.

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला आणि मामांनी अंथरूण धरलं. छातीत कफ, बोलणं बंद होत आलेलं. तार करून ह्यांना बोलावलं. हे सकाळी पोचले तेव्हा डॉक्टर पाहून गेले होते. आत्याबाईंनी तुळशीचं पान घातलेली गंगेच्या पाण्याची वाटी ह्यांच्या हातात दिली. बापाच्या तोंडात शेवटचं पाणी लेकानं घालायचं, ही आपली रीत.

हे उशाशी बसले. चमचा ओठांना लावला. मामांनी ओठ मिटून घेतले.

आम्हाला वाटलं, गिळता येत नाही. आत्याबाईंनी त्यांची हनुवटी धरली. "प्या, लेक देतोय तुमाला." तर ते दात आवळून मान हलवायला लागले. एवढा अंगात जीव नसलेला माणूस, पण ओठ असे घट्ट मिटलेले की पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळत होतं. ते पाणी घेतलं असतं तर लेक आहे असं झालं असतं ना! मरता मरताही ते त्याला झाकून ठेवत होते. मला राग आला, इतका राग, की मी मोठ्यानं म्हणाले, "अहो मामा, आता तरी सोडा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ह्यांच्याकडे बघत होते. डोळ्यांत नुसती भीती.

ह्यांनी मग वाटी खाली ठेवली, अंगातल्या वर्दीची बटणं एकदा नीट केली, आणि मामांच्या कानाशी वाकले. आवाज अगदी सरळ होता.

"तुमचा पोरगा कधीच गेला, दादा. मी कँपातला मानूस. मला कुनी पाठवलंय, तुमाला पानी द्यायला."

मामांनी तोंड उघडलं. दोन चमचे प्यायले, नीट, घोट घोट करून. मग हात वर करून त्यांनी ह्यांचं मनगट धरलं. अंगठ्यानं त्यावरची शीर चाचपत राहिले, थांबले, पुन्हा चाचपलं. बाहेर ऊन चढत होतं आणि आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

नंतर ती बोटं सोडवायला शेजारच्या दोघांना यावं लागलं.